दूध-अंडी सोडल्यावर पोट भरतं, पण समाधान होत नाही: ताटात नेमकं काय कमी पडतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही दूध, दुधाचे पदार्थ आणि अंडी बंद केली. दुपारी वाडगाभर सॅलड किंवा उकडलेल्या भाज्या खाता. चार वाजले की पोटात कावळे ओरडायला लागतात आणि मग व्हीगन लिहिलेली बिस्किटं नाहीतर चिप्सचं अख्खं पाकीट संपतं. कॉफीत सोया मिल्क फाटतं, केक मधोमध चिकट राहतो, अंगात जोर वाटत नाही. आणि दूध, चीज, लोणी, अंडी यांच्या जागी काय वापरायचं याची यादी तुम्हाला हवी आहे.

यादी देणं सोपं आहे, पण ती हातात आली तरी तुमचं घोडं तिथेच अडेल असं मला वाटतं. मी बरीच वर्षं पूर्ण व्हीगन स्वयंपाक करते आणि शिकवते. शिकायला येणारे बहुतेकजण सुरुवातीला एक पदार्थ काढतात आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा शोधत बसतात. मी त्यांना आधी एवढंच विचारते: तो पदार्थ तिथे काय काम करत होता? दूध कॉफीचा कडवटपणा कमी करतं, सूपला दाटपणा आणि स्निग्धपणा देतं, केकमध्ये ओलावा आणतं आणि दिवसभराच्या आहारात प्रथिनं, कॅल्शियम, बी12 पुरवतं. एवढी सगळी कामं एकच बदली पदार्थ करेल ही अपेक्षाच चुकीची आहे. काम नक्की कळलं की पर्याय सुचायला वेळ लागत नाही.

तुम्ही लिहिलंय, "एक तर हेल्दी खाते, नाहीतर चवीचं." मला हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा वाटतो. दुपारच्या ताटातून तुम्ही तेल, प्रथिनं, पिष्ट पदार्थ सगळंच वजा केलंय. संध्याकाळी शरीर तेच चिप्समधून वसूल करतं. यात तुमचा निग्रह कमी पडतोय असं अजिबात समजू नका.

आकडे पाहा. काकडी, टोमॅटो, गाजर, लेट्युस यांत 100 ग्रॅममागे साधारण 15 ते 40 कॅलरी असतात. म्हणजे 400 ग्रॅमचा भलामोठा वाडगा संपवला तरी शंभर-सव्वाशे कॅलरी. जबडा दुखेल, पोट तट्ट फुगेल आणि दोन तासांत रिकामं होईल. त्याच वाडग्यात एक कप शिजवलेले छोले घातले तर सुमारे 270 कॅलरी, 14 ग्रॅम प्रथिनं आणि 12 ग्रॅम चोथा वाढतो. वर दोन मोठे चमचे तिळाची पेस्ट लिंबू आणि पाण्यात फेटून ओतली तर आणखी 180 कॅलरी, आणि भाज्यांना चवही येते. बाजूला भात, ब्रेड, बटाटा, जे आवडतं ते हवंच. नव्याने व्हीगन झालेल्यांचा थकवा पुष्कळदा फक्त कमी खाण्यातून आलेला असतो. वनस्पतीजन्य जेवण आकाराने मोठं आणि कॅलरीने हलकं असतं, त्यामुळे डोळ्यांना ताट भरलेलं दिसलं तरी शरीराला ते पुरत नाही.

प्रथिनांबद्दल फार घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅम धरतात. मी स्वतः 1 ग्रॅम धरते, कारण कडधान्यांतली प्रथिनं पचनात थोडी कमी हाती लागतात. तुमचं वजन 60 किलो असेल तर 60 ग्रॅम. एक कप छोले 14, दीडशे ग्रॅम घट्ट टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) साधारण 20, ग्लासभर सोया मिल्क 7-8, मूठभर शेंगदाणे 7. पन्नासच्या आसपास तर इथेच झाले, उरलेले धान्यातून येतात. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन डाळी-कडधान्यांत भरपूर आणि मेथिओनिन कमी, धान्यांत नेमकं उलट, म्हणून दोन्ही खायचे. ते एकाच घासात एकत्र यायला हवेत असं मात्र नाही, दिवसभरात आले तरी चालतं.

एक सावधगिरी: आजवर कडधान्यं कमी खात असाल तर एकदम कपभरावर उडी मारू नका, पोटात गॅस धरेल. पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी, मग हळूहळू वाढवा. रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. गॅस करणाऱ्या साखरेचा काही भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो. राजमा मात्र किमान 10 मिनिटं खळाखळा उकळलाच पाहिजे. त्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, ते मंद आचेवर पुरतं नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. त्यामुळे स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा कधीही टाकू नका. आणि टोमॅटो, लिंबू, चिंच असं आंबट काहीही कडधान्य मऊ झाल्यावरच घाला, नाहीतर तासभर शिजवूनही दाणे टणक राहतात.

आता चवीकडे वळू. "सगळं सपक लागतं" असं म्हणता तेव्हा बहुतेक वेळा मीठ-मसाला कमी नसतो, स्निग्धांश आणि खोली कमी असते. चीज, लोणी, अंडं यांच्यातून चरबी येते आणि तोंडात रेंगाळणारी मांसल, भरदार चवही येते. ही दुसरी चव म्हणजे उमामी. 1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट (ही चव देणारा घटक) वेगळं करून तिचा उगम दाखवला, म्हणजे शोध लागला तोच मुळात वनस्पतीजन्य पदार्थातून. सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट), टोमॅटो पेस्ट, वाळवलेली मशरूम, न्यूट्रिशनल यीस्ट (चवीसाठी वापरतात ते निष्क्रिय, वाळवलेलं यीस्ट) या सगळ्यांत ती आहे. टोमॅटो पेस्ट वापरताना ती थेट रश्शात ढवळू नका. कांदा परतल्यावर तेलात टाका आणि तिचा लाल रंग विटकरी होऊन तेल सुटेपर्यंत परता. या दोन मिनिटांत सूपची चव ओळखू न येण्याइतकी बदलते. वाळवलेली मशरूम भिजवलेलं पाणी फेकू नका, तोच तुमचा स्टॉक. आणि सगळं झाल्यावर चव घेऊन काहीतरी राहिलंय असं वाटलं तर आणखी मीठ घालण्याआधी लिंबाचे चार थेंब पिळून बघा.

टोफूबद्दल तुम्ही "रबरासारखा लागतो" असं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. घट्ट टोफूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. एका भांड्यात पाणी चांगलं खारट करून उकळा, त्यात तुकडे दोन-तीन मिनिटं ठेवा, मग स्वच्छ फडक्यावर पसरा. वाफ उडता उडता ते वरून कोरडे होतात आणि आत थोडं मीठही मुरतं. तुकड्यांवर सोया सॉसचा हलका हात फिरवा, मग चमचाभर कॉर्नफ्लोअर भुरभुरा. पॅन चांगला तापल्यावर तेल, आणि मग टोफू. आता हात मागे घ्या. सुरुवातीला तुकडा पॅनला धरून ठेवतो. तेव्हा उलथनं घालून ओरबाडलं की कवच पॅनला राहतं आणि तुकडा उघडा पडतो. तीन-चार मिनिटं थांबलात तर कडा सोनेरी होतात, चर्र आवाज कोरडा आणि बारीक होतो आणि तुकडा आपणहून सुटतो. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या वर जात नाही आणि खरपूस होण्यासाठी साधारण 140 अंश तरी लागतात. कोरडं करण्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच. अंड्याच्या भुर्जीसारखा टोफू हवा असेल तर मऊ टोफू कुस्करा, हळद घाला आणि गॅस बंद केल्यावर चिमूटभर काळं मीठ. अंड्याचा वास त्यातल्या गंधकामुळे येतो आणि उकळत ठेवला की उडून जातो, म्हणून ते शेवटी.

दाट, मलईदार सॉससाठी माझा भरवसा काजूवर आहे. गरम पाण्यात अर्धा तास भिजवून मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटले की झालं. काजूत स्निग्धांश भरपूर आहेच, शिवाय थोडा स्टार्चही आहे, त्यामुळे हे वाटण उकळलं की आणखी दाट होतं. म्हणून सुरुवातीला हवं त्याहून पातळ ठेवा. काजू चालत नसतील तर सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया, किंवा शिजवलेली पांढरी चवळी थोडं तेल घालून वाटलेली. चवळी अर्थातच हलकी आणि रोजच्या वापराला बरी.

कॉफीतलं सोया मिल्क फाटण्याचं कारण आम्ल आणि उष्णता. कॉफी आंबट असते, आणि गरम आम्लात सोयाची प्रथिनं गोळा होतात. टोफू करताना आपण हेच मुद्दाम करतो. उपाय: दूध कोमट करून आधी कपात घ्या आणि कॉफी वरून हळूहळू ओता. कॉफी उकळती नको, आणि हलक्या भाजणीच्या बियांऐवजी गडद भाजणीच्या घ्या, त्या कमी आंबट असतात. बरिस्टा म्हणून (म्हणजे खास कॉफीसाठी) मिळणाऱ्या दुधात आम्लता आवरणारे क्षार घातलेले असतात, म्हणून ती टिकतात. ओट मिल्क सहसा फाटत नाही आणि कॉफीत चवीला छान लागतं. पण पोषणाला ते सोयाच्या तोडीचं नाही. 100 मिलीत सोया मिल्कमध्ये सुमारे 3 ग्रॅम प्रथिनं, ओटमध्ये 1 ग्रॅमच्या आसपास, बदामाच्या दुधात तर अर्धा ग्रॅमच. कॉफीपुरतं कुठलंही घ्या, पण रोज ग्लासभर पिणार असाल तर सोयाचं, आणि तेही कॅल्शियम घातलेलं. ते कॅल्शियम तळाशी बसतं, त्यामुळे डबा प्रत्येक वेळी जोरात हलवा.

केकचं गणित वेगळं. तुम्ही तीन अंड्यांच्या केकमध्ये अंड्यांऐवजी जवसाची पूड आणि दोन केळी घातलीत. अंडं केकमध्ये पीठ बांधून धरतं, हवा धरून फुगवतं आणि शेकल्यावर घट्ट होऊन रचना टिकवतं. जवस (एक टेबलस्पून पूड, तीन टेबलस्पून पाणी, दहा मिनिटं) यातलं फक्त पहिलं काम करतो. केळं ओलावा आणि वजन वाढवतं. म्हणजे फुगवायला कुणीच नव्हतं आणि पाणी दुप्पट झालं, मग मधला भाग चिकट राहणारच. मी पाळते तो नियम असा: कृतीत एकच अंडं असेल तर जवस बिनधास्त वापरा. तीन किंवा जास्त असतील तर ती कृती सोडून द्या आणि जी पहिल्यापासून बिनअंड्याचीच आहे ती घ्या.

अशी एक जुनी, हमखास जमणारी कृती देते. मैदा दीड कप, साखर एक कप, कोको पाव कप, खायचा सोडा एक टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, हे सगळं एकत्र चाळा. दुसऱ्या भांड्यात पाणी एक कप, तेल एक तृतीयांश कप, व्हिनेगर एक टेबलस्पून, व्हॅनिला एक टीस्पून. ओव्हन 180 अंशांवर तापल्यावरच ओलं कोरड्यात ओता, कारण सोडा आणि व्हिनेगर भेटल्या क्षणी बुडबुडे सुरू होतात आणि ती हवा टिनमध्ये जायला हवी, ओट्यावर थांबून वाया नको. कोरडं पीठ दिसेनासं झालं की ढवळणं बंद. एखाद-दुसरी गुठळी राहिली तर राहू द्या, जास्त घोटलं की ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) ताणलं जाऊन केक चिवट होतो. 8 इंची टिनमध्ये 30 ते 35 मिनिटं. आणि पूर्ण गार होईपर्यंत कापू नका, गरम केक आतून ओला वाटतोच. वर डार्क चॉकलेट आणि गरम नारळाचं दाट दूध सारख्या वजनाने मिसळून ओता. डार्क चॉकलेटवर "मिल्क सॉलिड्स" लिहिलेलं नाही ना, तेवढं बघा.

मेरिंग (फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची मिठाई) किंवा मूससारखं हलकंफुलकं काही हवं असेल तर छोले शिजवलेलं दाटसर पाणी फेटा. ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं हे फ्रान्समधल्या ज्योएल रोसेल यांनी 2014 मध्ये दाखवलं आणि पुढच्या वर्षी त्याला अ‍ॅक्वाफाबा हे नाव मिळालं. तीन टेबलस्पून म्हणजे एक अंडं धरा. यात प्रथिनं नावापुरतीच असतात, तेव्हा ते पोषणात मोजू नका. मेयोनेझ तर एक मिनिटाचं काम आहे. उंच भांड्यात 100 मिली साधं, बिनसाखरेचं सोया मिल्क आणि 200 मिली तेल घ्या, दोन्ही खोलीच्या तापमानाचं. हँड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करा, खालून पांढरं दाट मिश्रण चढताना दिसलं की हळूहळू वर उचला. मीठ, मोहरीची पेस्ट आणि सगळ्यात शेवटी लिंबाचा रस. बदामाच्या दुधाने हे होत नाही, सोयातली प्रथिनं आणि लेसिथिन (तेल-पाणी एकत्र धरणारा स्निग्ध घटक) हेच तेल धरून ठेवतात.

हे सगळं गोड आणि तेलकट आहे, आणि तुम्ही ते अपराधी न वाटता खावं असं मला मनापासून वाटतं. फक्त व्हीगन लिहिलंय म्हणून ते आरोग्याला चांगलं असं धरू नका. लोण्यात संपृक्त चरबी साधारण निम्मी असते, खोबरेल तेलात 80 टक्क्यांहून जास्त. रविवारच्या केकवर नारळाचा थर जरूर, पण रोजच्या स्वयंपाकाला शेंगदाण्याचं, मोहरीचं, ऑलिव्हचं असं पातळ राहणारं तेल बरं. दुपारचं जेवण नीट झालं की बिस्किटांचं पाकीट एका बैठकीत संपणं बऱ्याच अंशी आपोआप थांबतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता जे स्वयंपाकाने सुटत नाही ते. व्हिटॅमिन बी12 सूक्ष्मजीव बनवतात, वनस्पतीजन्य अन्नात ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनात आढळतं ते बहुतांशी शरीराला न चालणारं रूप आहे, आंबवलेल्या पदार्थांवरही विसंबता येत नाही. गोळी घ्यावीच लागते. ब्रिटनमधली व्हीगन सोसायटी रोज किमान 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला 2000 मायक्रोग्रॅम सुचवते. गरज रोज अडीच मायक्रोग्रॅमच्या आतच असूनही आकडे एवढे मोठे का, तर एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेहमीच्या मार्गाने शोषले जातात आणि त्यापलीकडच्या मात्रेतला साधारण एक टक्काच आत शिरतो. यकृतात साठा असतो, म्हणून लक्षणं वर्षा-दोन वर्षांनीही दिसू शकतात, आणि तोवर नसांना इजा होऊ शकते. बाकी कशात टाळाटाळ केलीत तरी यात करू नका.

मीठ आयोडीनयुक्तच वापरा, गुलाबी किंवा जाडं समुद्री मीठ दिसायला छान पण त्यात आयोडीन पुरेसं नसतं. लोहासाठी कडधान्यांसोबत लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची असं क जीवनसत्त्वाचं काहीतरी, आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब. कॅल्शियमसाठी पालकावर अवलंबून राहू नका, त्यातल्या ऑक्झलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे ते फारसं शोषलं जात नाही. कॅल्शियम सल्फेटने गोठवलेला टोफू, तीळ आणि कॅल्शियम घातलेलं दूध जास्त कामाचं. जवसाची पूड रोज एक चमचा, ओमेगा-3 साठी. अख्खा जवस बराचसा तसाच बाहेर पडतो.

वरचे आकडे निरोगी प्रौढ माणसाचे आहेत. तुम्ही गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आहारतज्ज्ञाला भेटून ते बदलून घ्या. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि सोयाचे पदार्थ यांत काही तासांचं अंतर हवं, ते डॉक्टरांना विचारा. महिनाभर दुपारी पोटभर जेवूनही थकवा तसाच राहिला, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासून घ्या. बी12 ची गोळी आधीच सुरू केली असेल तर तपासणीच्या वेळी तसं सांगा, कारण रक्तातला आकडा गोळीने लवकर वर येतो आणि खरी कमतरता त्यामागे झाकली जाऊ शकते. अशा वेळी डॉक्टर मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडची (बी12 कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या घटकाची) तपासणीही सांगू शकतात.